आधी आडवी, मग उभी

डॅलसहून उत्तरेकडे निघालं की हायवेच्या दोन्ही बाजूंना गोदामं लागतात. लांबलचक, पांढरट, जवळजवळ बिनखिडक्यांची. यांतली पुष्कळशी ‘टिल्ट-अप’ पद्धतीची असतात. इमारतीची जमीन आधी टाकायची, तिच्यावरच भिंती आडव्या ओतायच्या आणि काँक्रीटला पुरेसं बळ आलं की क्रेननं उचलून जागेवर उभ्या करायच्या. तीन पिढ्या हेच काम करणाऱ्या एका कुटुंबानं आपल्या बांधकाम कंपनीच्या मुख्य कार्यालयाचं डिझाइन माझ्याकडे सोपवलं. थोरल्या मालकांची अट एकच होती: “आमच्याच पद्धतीनं, आमच्याच माणसांनी.” कारभार आता त्यांची नात पाहते. तिचं म्हणणं वेगळं होतं. “इथं माणसं दिवसभर बसणार आहेत, खोकी नाही.”

मला दोघांचंही पटत होतं. टिल्ट-अप म्हणजे गोदामाचीच पद्धत, असं आमच्या व्यवसायात बरेच जण मानतात. मी कधीच मानलं नाही. रुडॉल्फ शिंडलरनं 1922 साली वेस्ट हॉलिवुडमधलं आपलं किंग्ज रोडचं घर याच रीतीनं बांधलं. जमिनीवर ओतून उभ्या केलेल्या भिंतींच्या मध्ये त्यानं अरुंद फटी ठेवल्या आणि त्यांत काच बसवली. ते घर पाहायला गेले होते तेव्हा त्या फटींतून आत येणारा उजेड बघत बराच वेळ उभी राहिले होते. इतक्या जाड भिंती असूनही खोली कोंदट वाटत नाही. नातीला मी त्याच घराचे फोटो दाखवले आणि दर्शनी बाजूच्या पॅनेलांमध्ये तशाच काचेच्या फटी ठेवायचं ठरलं.

इंजिनिअरनं लगेच अडचण मांडली. वाऱ्याचा जोर छप्पर भिंतींकडे पोचवतं आणि भिंती तो पायात उतरवतात. शेजारची पॅनेलं एकमेकांना जोडली तर भार वाटून घेता येतो. मध्ये फट ठेवली की प्रत्येकाला आपापला तोल सांभाळावा लागतो. म्हणून त्या बाजूची पॅनेलं रुंद केली, पायाशी त्यांची जोडणी वाढवली आणि छपराच्या पातळीवर पोलादाची अखंड पट्टी फिरवली.

खालची जमीन हा त्याहून अवघड विषय होता. माझं बालपण परभणीचं. उन्हाळ्यात शेतातल्या भेगांत हात जाईल इतकी काळी माती फाटते आणि पावसाळ्यात फुगून घराच्या भिंतींना तडे पाडते, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. डॅलसच्या भोवतीही त्याच जातीची काळी चिकणमाती आहे. टिल्ट-अपमध्ये जमीन हाच भिंतींचा साचा असतो. ती जिथे उचलली जाईल तिथे भिंतीचा चेहरा वाकडा होणार. म्हणून भिंतींचा भार खडकापर्यंत नेलेल्या काँक्रीटच्या खांबांवर घेतला आणि जमिनीखालची माती खोलवर उकरून, ओलावा राखून, पुन्हा दाबून भरली. या कामात डोळ्यांना दिसणारं काहीच नसतं, पण सगळ्या प्रकल्पात मी सर्वांत जास्त आग्रह याच कामासाठी धरला.

मग प्रश्न आला जागेचा. गोदामाची जमीन ऐसपैस असते, भिंती तिच्यावर सहज मावतात. आमचं कार्यालय दुमजली. जमीन थोडी आणि भिंती उंच. कागदावर पॅनेलं अंथरून पाहिली तर ती मावेनात. एकावर एक ओतायची रीत आहे, पण मग वरच्या पॅनेलाचा चेहरा खालच्या पॅनेलाच्या पाठीवर घडतो, आणि मला प्रत्येक चेहरा चांगला हवा होता. तोड थोरल्या मालकांनी काढली. मागच्या बाजूला मी काँक्रीटचं अंगण दाखवलं होतं. ते म्हणाले, “अंगण आधी टाका, उरलेल्या भिंती त्याच्यावर ओतू.” क्रेन कुठून आत येईल, कुठं उभी राहील, कोणतं पॅनेल शेवटी उचललं म्हणजे तिला बाहेर पडायला वाट उरेल, हे सगळं त्यांना नकाशावर एक नजर टाकून दिसत होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक दर्शनी चित्राच्या शेजारी उचलण्याचा क्रम मांडू लागले.

मुकादमाशी माझी खरी चर्चा व्हायची ती खिडक्यांवरून. पॅनेलाच्या कडेजवळ खिडकी घेतली की बाजूला काँक्रीटचा बारीक पाय उरतो. उभ्या इमारतीत तो पुरेसा असतो. पण भिंतीला वाकवणारा सर्वांत मोठा ताण बहुधा तिला जमिनीवरून उचलताना येतो. तो पाय तेव्हा मोडायचा. काही खिडक्या मी आत सरकवल्या. एक कोपरा मला काहीही झालं तरी हवा होता, तिथे त्यानं उचलण्यापुरत्या पाठीला पोलादी तुळया बांधल्या.

आमचं एक मोठं पॅनेल 32 फूट उंच आणि 22 फूट रुंद होतं. बाहेरचा थर 3 इंचांचा, मध्ये 2 इंच फोम, आतला थर 7 इंचांचा. घनफुटाला 150 पौंड धरले तर वजन सुमारे 40 टन. दर्शनी बाजू खाली. तव्यावरची भाकरी उलटल्याशिवाय तिची खालची बाजू कळत नाही, तसं इथे भिंत उभी राहीपर्यंत वास्तुरचनाकाराला तिचा चेहरा दिसत नाही. जमिनीला काँक्रीट चिकटू नये म्हणून फवारलेलं रसायन कुठे कमी पडलं, जमिनीच्या कापलेल्या सांध्यांची रेघ भिंतीवर उमटली का, साच्यातली खाचेची पट्टी ओतताना हलली का, सगळं तोवर झाकलेलं. पॅनेलांचे नकाशेही आतून पाहिल्यासारखे काढायचे असतात, त्यामुळे डावं-उजवं सतत मनात उलटं करावं लागतं.

उचलण्याच्या दिवशी वारा उठायच्या आत, पहाटेच काम सुरू झालं. टेकू पॅनेलाला आधीच बांधलेले होते. क्रेनचे दोर ताठ झाले, पॅनेल जमिनीपासून सुटताना खाडकन आवाज आला आणि ते खालच्या कडेवर हळूहळू उभं होऊ लागलं. सगळे चेहऱ्याकडे पाहत होते. थोरले मालक मात्र दोर अडकवलेल्या जागांवरून नजर काढत नव्हते. टेकूंची खालची टोकं जमिनीला बोल्टनं पक्की होईपर्यंत त्यांनी क्रेनला सोडू दिलं नाही. मग मी पुढे जाऊन काँक्रीट पाहिलं. करडा, शांत, एकसारखा रंग, खाचा सरळ, एका कोपऱ्यात फिकट डाग. तो डाग तसाच ठेवू या, असं मीच म्हणाले. नातीनंही मान डोलावली.

सिॲटलच्या सेंट इग्नेशियस चॅपलमध्ये स्टीव्हन हॉल यांनी पॅनेलं उचलण्याच्या जागा लपवल्या नाहीत. त्यांवर ब्राँझची झाकणं बसवली. ते चॅपल 1997 सालचं. आमच्याकडे त्या जागा भिंतीच्या आतल्या अंगाला होत्या. प्रशिक्षणाच्या खोलीत त्या बुजवायच्या नाहीत, झाकायच्याही नाहीत, असं मी सुचवलं आणि मुकादमानं ते उचलून धरलं. कामावर नव्यानं आलेल्या पोरांना तो आता तिथेच नेतो. भिंतीतल्या प्रत्येक खोबणीवर बोट ठेवून विचारतो, दोर इथे का आणि फूटभर वर का नाही. उत्तर येईपर्यंत कुणाला साइटवर सोडत नाही.