मोदक ताटातच वाढावा

सोळा तास पोटाला विश्रांती आणि उरलेल्या आठ तासांत दोन जेवणं, हा नेम मी पाळते. त्यातले उपाशी तास सवयीने जमतात. प्रश्न पडतो तो गोडाचा. हा नेम धरणाऱ्यांपैकी काही जण साखर कायमची सोडायला सांगतात, तर काहींच्या मते सोळा तास पाळले की आठ तासांत काहीही चालतं. मला दोन्ही मतं पटत नाहीत. गोड खावं, पण जेवणाबरोबर, ताटात वाढून आणि मोजून खावं. उपास केल्याचं बक्षीस म्हणून रिकाम्या पोटी खाऊ नये.

ही रीत आपल्याला परकी नाही. दिवसातून एकदाच जेवण्याला एकभुक्त आणि फक्त रात्री जेवण्याला नक्त म्हणतात. व्रतांच्या भाषेतले हे जुने शब्द आहेत. संकष्टीला दिवसभर उपास करून चंद्रोदयानंतर पान वाढतात, तेव्हा मोदक येतो तो वरणभात, भाजी, कोशिंबिरीच्या सोबतीने. पोटात आधी काय गेलं याने फरक पडतो, हे आता मोजूनही पाहिलं गेलं आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2015 मध्ये टाइप 2 मधुमेहाच्या 11 रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी तेच जेवण उलटसुलट क्रमाने दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, ब्रेड आणि संत्र्याचा रस शेवटी, असा क्रम ठेवल्यावर जेवणानंतरची रक्तशर्करा बरीच कमी राहिली. अकरा माणसं म्हणजे फार नव्हेत, पण उपास पेढ्याने सोडण्यापेक्षा पेढा जेवणाच्या शेवटी खाणं शहाणपणाचं, एवढं म्हणायला हा आधार मला पुरेसा वाटतो. संकष्टीची एक बाजू मात्र मी उचलणार नाही. संध्याकाळनंतर शरीर साखर सकाळइतकी चांगली हाताळत नाही, म्हणून रोजच्या नेमात गोड दुपारच्या जेवणात घ्यावं, रात्री उशिरा नको.

आता ‘आठ तासांत काहीही चालतं’ या समजुतीकडे वळू. ग्वांगझू इथे 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कॅलरींची मर्यादा सारखीच होती. एका गटाने शिवाय सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळेत खायचं होतं. वेळ पाळणाऱ्यांचं वजन सरासरी 8 किलोंनी घटलं, दुसऱ्या गटाचं 6.3 किलोंनी, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. याचा अर्थ उपास निरुपयोगी असा मी लावत नाही. खाण्याचे तास कमी केले की अनेकांचं खाणं आपसूक कमी होतं, आणि ते फार मोलाचं आहे. पण घड्याळ ताटातल्या कॅलरी पुसून टाकत नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या लोकांनी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस पाहूनच घडवली असणार. श्रीखंडाचा हिशेब करून पाहा. चक्क्याइतकीच साखर घातली तर 100 ग्रॅमच्या वाटीत 50 ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली वरची मर्यादा, 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी, दिवसाला तेवढीच आहे. शक्य तर 25 ग्रॅमच्या आत राहावं असंही तिने सुचवलं आहे. तेव्हा वाटीभर नको, दोन चमचे घ्यावेत. आणि दोष सगळा श्रीखंडालाही देऊ नये. दोन चमचे साखरेच्या चहात 8 ते 10 ग्रॅम साखर जाते. असे चार कप दिवसभर घेणाऱ्याचा उपासही मोडतो आणि साखरही श्रीखंडाच्या वाटीजवळ पोचते, तीही सण साजरा केल्याचं समाधान न मिळता.

‘एक घास घेतला की हात थांबत नाही, म्हणून सोडलेलंच बरं’ हा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांचा 1975 मधला प्रयोग इथे आठवतो. मिल्कशेक प्यायला दिल्यावर, एरवी बेतानं खाणाऱ्या विद्यार्थिनींनी नंतर समोर ठेवलेलं आइस्क्रीम कमी न खाता उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर आता कशाला थांबायचं, असं मन म्हणतं. हा प्रयोग तासांच्या उपासावरचा नव्हता, हे मान्य. तरी मी त्यातून एवढं घेते की नियमच असा असावा, ज्यात मोदकाला आधीपासून जागा आहे. मग गणेशोत्सवात दोन मोदक खाल्ल्याने काही मोडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेम तसाच चालू राहतो. ज्यांचा हात खरोखर थांबत नाही, त्यांनी मिठाईचा डबा घरात ठेवू नये. सणाच्या पंगतीत मात्र बेतानं जरूर खावं.

हे सगळं निरोगी प्रौढांपुरतं आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर स्त्रिया आणि खाण्याशी संबंधित आजार होऊन गेलेल्या व्यक्ती यांनाही हा नेम आपल्या मनाने धरणं योग्य नाही. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.