दुष्काळ आणि आसरा

प्रलय म्हणजे धर्मग्रंथांनी सांगितलेला सृष्टीचा शेवट. परंतु ज्याच्या घरातील माणसे काही महिन्यांत एकामागून एक जातात, त्याच्यापुरते जग तेव्हाच बुडालेले असते, आणि अशा वेळी ईश्वराचा आधार म्हणजे नेमके काय, याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) आयुष्यात सापडते.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक, म्हणजे तीर्थक्षेत्री पुराणे सांगून मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करणारे विद्वान, होते. 1870 नंतरच्या दुष्काळात होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले, तेव्हा शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा, म्हणजे पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा, निश्चय केला. मुलगा श्रीनिवास मोलमजुरी करण्यास तयार झाला, म्हणून तो निश्चय टळला. तरीही वडील, आई आणि थोरली बहीण गेलीच. उरलेली दोन भावंडे पायी देशभर हिंडली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत शिरून अंगावर वाळू ओढून घेतली आणि डोके तेवढे बाहेर ठेवून रात्री काढल्या.

सर्वस्व वाहूनही देव बोलला नाही, ही जखम रमाबाईंनी दीर्घकाळ वागवली. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. पण मन निवाले ते काही वर्षांनी, ख्रिस्तावर सगळा भार टाकल्यानंतर, असे त्यांनी आत्मनिवेदनात नोंदवले आहे.

या श्रद्धेची कसोटी 1896–97 मध्ये लागली. मध्य प्रांतात दुष्काळ पडताच रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे 300 निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तेथे मुली विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या, आंधळ्या मुली ब्रेल लिपी, म्हणजे बोटांनी चाचपून वाचायची उठावाची अक्षरे, वाचू लागल्या. 1921 मध्ये कन्या मनोरमा निवर्तल्या, तरी मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी तडीस नेले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला.

जगाचा अंत केव्हा होईल याची भीती श्रद्धेने पूर्णपणे नाहीशी होतेच असे नाही. मात्र ज्याला ईश्वरापाशी आसरा मिळाला, त्याने उपाशी माणसासाठी दार उघडावे, एवढे मागणे ती श्रद्धा निश्चितच करते, आणि रमाबाईंनी ते पुरे केले.