पातळ बर्फ

‘मॅडम, बर्फ पातळ झाला की मासे खराब होतात. बरोबर?’

मी फळ्यावर ‘स्केटिंग ऑन थिन आइस’ लिहून अर्थ ओळखायला सांगितला होता. हा मुलगा येमेनमधल्या हुदैदाचा. तांबड्या समुद्राकाठचं बंदर, वडील मासळीच्या धंद्यातले. बर्फ त्याने आयुष्यात एकाच कामाला लागलेला पाहिलेला: लाद्या फोडायच्या आणि माशांवर पसरायच्या. गोठलेल्या तळ्यावरून माणसं पायाला पाती बांधून घसरत जातात, असं मी सांगितलं तेव्हा वर्ग माझ्याकडे जरा दयेनेच बघायला लागला. आणि खरं सांगायचं तर मी तरी गोठलेलं तळं कुठे पाहिलंय? माझा बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवरचा. इतकी वर्षं हा वाक्प्रचार शिकवते आहे, ते या पुस्तकातून त्या पुस्तकात.

पुण्यात शिकायला आलेली येमेन, इराक, सुदानची मुलं संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी पक्कं करायला येतात. धोक्याच्या धड्याला मी नेहमीच निर्धास्त असायचे, कारण मुख्य शब्द आपण त्यांचाच घेतलेला आहे. मी ‘डेंजर’ म्हणायचं, त्यांनी ‘खतर’ म्हणायचं, मी वर ‘खतरा’ म्हणायचं, की पहिली पाच मिनिटं हसण्यात जातात. ‘खबरदार’मधली खबर त्यांची, ‘इशारा’ही त्यांचाच. एकदा एका इराकी मुलीने वहीत ख, त, र ही तीन अक्षरं लिहून त्यांतून फुटलेले शब्द दाखवले. खतर म्हणजे धोका, आणि त्याच धातूतून खातिर म्हणजे मनात आलेली गोष्ट, मन. म्हणजे आपला ‘खतरा’ आणि आपली ‘खातरजमा’ या सख्ख्या बहिणी निघाल्या! जुन्या अरबीत खतर म्हणजे पैजेला लावलेली रक्कम आणि माणसाची थोरवीसुद्धा. आजही ‘खतीर’ म्हणजे धोकादायक, गंभीर, आणि पोरांच्या बोलीत ‘एक नंबर’. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मॅच खतरनाक होते, आणि पुण्यात तर श्रीखंडही भयंकर छान लागतं.

म्हणींवर आलो की वर्ग रंगतो. ‘तव्यातून आगीत’ हे इंग्रजांचं. आपण आगीतून फुफाट्यात. अरब माणूस मात्र तापलेल्या भुईला कंटाळून आगीचा आसरा घेतो. त्या भुईला ते रमदा म्हणतात. रमजान हा शब्दही त्याच धातूचा. इंग्रजाला चटका स्वयंपाकघरात बसला, त्यांना उघड्यावर, अनवाणी. आपला फुफाटा मात्र मला जास्त हुशार वाटतो. आगीतून बाहेर पडल्याचं समाधान असतं आणि पाय राखेत भाजत असतात. दुसरी त्यांची आवडती म्हण: गोष्ट ‘इफ्रीतच्या तळहातावर’ आहे, म्हणजे त्या महाकाय भुताने हात जरा कलता केला की संपलं. आपणही तळहातावर शिर घेतो, पण तळहात आपलाच असतो. हा फरक मी त्यांना सांगितला तेव्हा सुदानचा मुलगा म्हणाला, ‘मग तुमचं सोपं आहे.’

‘पेरिल’ शिकवणं मी सोडून दिलं आहे. अरबीत प नाही. ‘बेरिल’ ऐकून ऐकून मलाच ते खरं वाटायला लागलं.

‘डेंजर’ने मात्र एकदा मला खिंडीत गाठलं. हुदैदाचाच मुलगा एका कार्यालयात मुदतवाढीचे कागद घेऊन गेला होता. रांग मोठी, शेवटचा दिवस, एक शिक्का राहिलेला. अरबीत वर्तमानकाळाला ‘आहे’ लागत नाही. ‘मी विद्यार्थी’ म्हटलं की वाक्य पुरं होतं. त्यामुळे ‘अ‍ॅम’ गळणं रोजचंच. त्या दिवशी घाबरून ‘इन’ही गळालं. खिडकीशी वाकून तो म्हणाला, ‘आय डेंजर.’ आतल्या माणसाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. मागच्या कुणीतरी समजावलं म्हणून निभावलं. वर्गात त्याने ही हकिगत सांगितली आणि सगळे हसून लोळले.

घरी आल्यावर मला आठवलं, की मुळात त्याचं फारसं चुकलं नव्हतं. ‘डेंजर’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला धनी, मालक. पूर्वीच्या इंग्रजीत कुणाच्या ‘डेंजर’मध्ये असणं म्हणजे त्याच्या मुठीत असणं. त्याने मनात आणलं तर तो तुमचं नुकसान करू शकतो, एवढाच अर्थ. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये कोर्टात पोर्शिया अँटोनियोला विचारते तेव्हा तो शब्द याच अर्थाने येतो, तिथे मूठ सावकार शायलॉकची. शिक्का ज्याच्या हातात तो धनी. वाघ, आग, वादळ हे सगळं त्या शब्दात मागून आलं.

‘माइनफील्ड’ या वाक्प्रचाराकडे मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. पुस्तकात उदाहरण होतं: करांचे नियम म्हणजे सुरुंगांचं शेत आहे. मी वाचून पुढे निघाले होते, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. येमेनमधल्याच तैझकडच्या खेड्यातला, एरवी तोंड न उघडणारा. ‘करांमध्ये शेत कुठे आहे?’ त्याने विचारलं. मी उपमा समजावली. त्याने मान हलवली आणि मग मोडक्या इंग्रजीत मलाच समजावलं. सुरुंग काढणारे दगड रंगवून ठेवतात. लाल दगडाच्या पलीकडे जायचं नाही. पांढरा असला तर साफ झालंय, जा. बकरीला मात्र रंग कळत नाही. बकरीमागे धावणाऱ्या पोराला रंग कळतो, पण तेव्हा तो दगडाकडे बघत नसतो. एवढं बोलून तो खाली बसला. त्या दिवशी पुढचा वाक्प्रचार ‘वॉकिंग ऑन एगशेल्स’ होता. मी तो घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात चाचणी होती. ‘माइनफील्ड’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा. बाकीच्यांनी लग्न लिहिलं, राजकारण लिहिलं. एकाने पुण्याची वाहतूक लिहिली, त्याला मी शाबासकी दिली. तैझच्या मुलाने लिहिलं होतं की माझ्या काकाचं शेत माइनफील्ड आहे, चार वर्षं नांगरलेलं नाही.

प्रश्नात वाक्प्रचार मागितला होता आणि त्याने नुसता शब्द वापरला होता. नियमाने अर्धा गुण. वाक्यात चूक एकच होती: ‘अंकल’ला षष्ठीचा एस लावायचा राहिला होता. तो लिहायला मी लाल पेन उचललं, मग खाली ठेवलं आणि पेन्सिल शोधली.