कामाचा भाव आणि घराचं भाडं

चि. ताई,


तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तोच विषय आहे. पुण्याची खोली सोडून तू बीडला घरी आलीस. काम तेच, साहेब तेच, रात्रीच्या मीटिंगाही त्याच, आणि 'तिकडे राहणीमानाचा खर्च कमी' म्हणून कंपनीने पगार उतरवण्याचं पत्र धाडलं. हे रीतीला धरून आहे का, असं तू विचारलंस. माझा जन्म पगारबिलं करण्यात गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

गाव बघून पैसे सरकारही देतं. पण तो फरक कुठल्या रकान्यात पडतो ते बघ. एकाच श्रेणीतला कर्मचारी मुंबईत असो की पाटोद्यात, मूळ वेतन एकच आणि महागाई भत्त्याचा दरही एकच. मुख्य फरक घरभाडे भत्त्याचा. त्यासाठी गावांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग आहेत. सातव्या वेतन आयोगात सुरुवात 24, 16 आणि 8 टक्क्यांनी झाली. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर केंद्राने ते 30, 20 आणि 10 केले. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, आपण शेवटच्या. मूळ वेतन 40 हजार धरलं तर मुंबईला 12 हजार, बीडला 4 हजार. हे आठ हजार कशाचे, ते बिलावर लिहिलेलं असतं. कामाच्या किमतीला कुणी हात लावत नाही. तुझ्या कंपनीने अख्ख्या पगारालाच गावानुसार गुणक लावलाय. माझी हरकत तिथे आहे.

जगात दोन्ही तऱ्हा चालतात. गिटलॅब कंपनी ठिकाणाचा गुणक उघडपणे लावत आली आहे. 2020 च्या मे महिन्यात झुकेरबर्ग यांनी फेसबुकच्या लोकांना सांगितलं, की स्वस्त गावी राहायला गेलात तर पगार त्याप्रमाणे बदलेल. उलट बेसकॅम्पने माणूस कुठेही राहो, सॅन फ्रान्सिस्कोच्या भावाने पगार धरला. तेव्हा दुसरा मार्गच नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

कंपनी म्हणेल, आम्ही खर्च नाही, त्या गावातला चालू भाव बघतो. हे जास्त प्रामाणिक आहे. खर्चच बघायचा असता तर ज्याच्या घरी म्हातारे आईबाप आहेत त्याला जास्त पगार मिळाला असता. पण बीडमध्ये तुझ्या कामाचा चालू भाव आहे कुठे? तुझ्या जागेवर उद्या माणूस घ्यायचा तर तो पुण्या-बेंगळुरूतून घ्यावा लागेल. मग भावही तिथलाच धरायला हवा.

आणि बीड स्वस्त कुणासाठी? उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, इन्व्हर्टर, एक इंटरनेट बंद पडलं तर दुसरं, मोठ्या दवाखान्यासाठी संभाजीनगरची धाव. प्रवासाची सोयही उशिराच: बीडहून नगरला रेल्वे सुरू झाली ती 17 सप्टेंबर 2025 ला. मार्गाला मंजुरी 1995 ची!

मजुरीच्या भावाचं भांडण आपल्या जिल्ह्याला नवं नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवराबायको. पोरंबाळं, भांडीकुंडी, पत्रे, सगळं ट्रॅक्टरवर. टनाचा दर राज्यभराचा ठरतो. 2024 च्या जानेवारीत साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटनांची पुण्यात बोलणी झाली आणि 273 रुपये 10 पैशांचा दर 366 रुपये झाला. मोळी वडवणीच्या माणसाने बांधली की जालन्याच्या, कारखान्याच्या काट्याला कळत नाही. हा दर मिळवायला या माणसांना वर्षानुवर्षं संप करावे लागले. तरी पुरता न्याय होत नाही, कारण अंगावर मुकादमाची आगाऊ उचल असते. ज्याने घरातल्या लग्नासाठी उचल घेतली, त्याला घासाघीस करता येत नाही. गरज बघून भाव पाडायचा, ही रीत आपण पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. म्हणून कंपनीच्या पत्रामागचा 'बीडची आहे, एवढ्यात भागेल' हा सूर मला झोंबला.

राज्य बघून मजुरी ठरवण्यात सरकारही निर्दोष नाही. 2025-26 मध्ये मनरेगाची दिवसाची मजुरी महाराष्ट्रात 312 रुपये, कर्नाटकात 370, हरियाणात 400 होती. रोजगार हमी योजना ज्या राज्याने देशाला दिली, तिथली ही गत.

तुझ्यावर कुणाची उचल नाही. म्हणून कंपनीला लिही, आणि शांतपणे लिही. गुणक कशावरून काढला ते विचार. घरभाड्याचा फरक वेगळा दाखवून तेवढाच कापा, मूळ पगार पुण्याचाच ठेवा, असं माग. तडजोड म्हणून पुण्याचं भाडं सोडायची तयारी दाखव, ते रास्तच आहे. ते साफ नाही म्हणाले तर लगेच राजीनामा टाकू नकोस. दुसरीकडचं नेमणुकीचं पत्र हातात येऊ दे. कुणी म्हणेल, हट्ट धरलास तर काम दुसऱ्या देशात जाईल. जाऊ शकतं. पण ते पगार कापून घेतल्यावरही जाऊ शकतं.

मसुदा पाठवण्याआधी मला दाखव. सोबत पगाराच्या जुन्या-नव्या दोन्ही पावत्या आण, रकाना न् रकाना ताडून बघू.

तुझा,
मामा