मॅच बघायला जाणाऱ्या पोरांच्या गाडीबद्दल

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात पंधरा ते तीसच्या दरम्यानचं पोरगं आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी लाईक करून पुढं गेलं तरी चालेल.

"पाडव्याचा सण सोडून गोव्याला गेली, आणि रोनाल्डो आलाच नाही!" गेल्या काही दिवसांत हे मी टपरीवर, तहसीलच्या आवारात आणि आमच्याच ग्रुपवर किमान दहा वेळा ऐकलं. ऐकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समाधान असतं. बरी जिरली, असं. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध अल नस्र ही मॅच होती. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या दुसऱ्या पातळीची स्पर्धा. ऑगस्टमध्ये गोव्यानं ओमानच्या अल सीबला २-१ नं हरवून त्यात जागा मिळवली, दोन दिवसांनी ड्रॉ निघाला आणि गोव्याच्या गटात रोनाल्डोचा संघ आला. त्या दिवसापासून गडहिंग्लजमधली पोरं झोपली नव्हती. रोनाल्डो आला नाही हे खरं. त्या स्पर्धेतल्या आधीच्या सामन्यांतही तो उतरला नव्हता, त्यामुळं पेपर वाचणाऱ्या पोरांना अंदाज होता. तरी गेली. मीही गेलो होतो त्यांच्याबरोबर, त्यामुळं टोमण्यातला माझा वाटा मी घेतलाय.

मॅच २-१ अशी हरलो. 'हरलो' म्हणतोय, कारण ब्रायसन फर्नांडिसनं हाफटाइमच्या आधी गोल मारला तेव्हा आमच्या रांगेतली अल नस्रचा सात नंबरचा पिवळा टीशर्ट घातलेली पोरंसुद्धा गोव्यासाठी नाचत होती. एवढ्या मोठ्या संघाला आपल्या देशातल्या पोरानं गोल मारला, तो डोळ्यासमोर. पैसे तिथंच वसूल.

आता खरा मुद्दा. तो रोनाल्डोचा नाही, गाडीचा आहे.

आमच्याकडं फुटबॉल टीव्हीमुळं आला नाही. गडहिंग्लजमध्ये वर्षानुवर्षे दिवाळी म्हणजे एम. आर. हायस्कूलच्या मैदानावरचा फुटबॉल. फराळाचं ताट बाजूला सारून म्हातारी माणसं मैदानाच्या कडेला बसलेली मी लहानपणापासून बघतोय. कोल्हापुरात तर शाहू स्टेडियम, पेठा आणि तालमी, त्यावर वेगळं पुस्तक होईल. पण या फुटबॉलला प्रवास लागत नाही. पाटाकडीलवाला असो, शिवाजीवाला असो की खंडोबावाला, सगळे एकाच गावचे, एकाच स्टेडियमवर येणारे. दोन्ही बाजूंचे समर्थक चालत येतात, घसा कोरडा करतात, कधीकधी भांडतात आणि चालतच घरी जातात. भाजी आणायला जातो तितकं अंतर.

मोठा फुटबॉल बघायचा तर मात्र आपल्याला घरचं मैदानच नाही. पुण्यात बालेवाडीला एफसी पुणे सिटी खेळायची तेव्हा आमची पोरं हायवेनं जाऊन रात्री परत यायची. २०१९ मध्ये तो संघ बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. म्हणजे आपली टीमच उचलून दुसऱ्या राज्यात नेली. राहिली मुंबई सिटी, अंधेरीत. गडहिंग्लजहून अंधेरी म्हणजे जायला एक रात्र, यायला एक रात्र. जवळ उरलं ते मडगाव. इंग्रजीत 'होम' आणि 'अवे' मॅच म्हणतात ना, आमच्यासाठी होम नावाचा प्रकारच नाही. सगळ्या अवे. त्यात यंदा आयएसएल जुलैमध्ये थांबवली, त्यामुळं उपाशी पोरं एका मॅचवर तुटून पडली.

तिकिटाचं सांगतो. आम्ही अकरा जण. एका खात्यावर ठरावीकच तिकिटं मिळणार, म्हणून तीन जणांनी तीन मोबाईलवरून काढली. पैसे कापले गेले, तिकीट दिसेना, पुन्हा काढलं, मग दोन्ही दिसली. शेवटी आठ जण एका स्टँडला आणि तिघं समोरच्या बाजूला. मी त्या तिघांत. एका पोराला उशीर झाला म्हणून त्यानं टेलिग्रामवर कुणाकडून तरी तिकीट घेतलं. म्हणजे काय घेतलं, तर क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट. हाच स्क्रीनशॉट विकणाऱ्यानं आणखी किती जणांना पाठवला असेल देव जाणे. गेटवर जो पहिला स्कॅन करतो तो आत, बाकीचे बाहेर. आमचा बाहेर राहिला. सगळी मॅच त्यानं स्टेडियमच्या भिंतीला पाठ लावून आवाजावर ऐकली. आवाजावरून गोल कुणाचा ते कळतं, असं त्यानं गाडीत सांगितलं. गोव्याचा गोल झाला तेव्हा भिंत हलली म्हणाला. हसला, पण त्या पोराची आठ दिवसांची मजुरी गेली होती.

आणि एक गंमत. तिकीट मोबाईलमध्ये, पण पॉवर बँक आत नेऊ देत नाहीत. सुरक्षेचं कारण मला समजतं. पण पाच तास प्रवास करून आलेल्या माणसाच्या मोबाईलला गेटवर किती चार्जिंग उरलेलं असणार, याचा विचार नियम करणाऱ्यानं केलेला नसतो. कारण तो पाच तास प्रवास करून येत नाही.

रात्री गर्दीतून बाहेर पडून गाडीपर्यंत पोचायला साडेदहा वाजले. तिथून पणजी, म्हापसा, बांदा, सावंतवाडी, मग आंबोली घाट, आजरा, गडहिंग्लज. कुठं न थांबता गेलं तरी साडेचार-पाच तास. आपल्याकडं रेल्वे नाही, आणि त्या वेळेला मडगावातून आपल्याकडं आणून सोडेल अशी बसही नाही. मग गाडी कुठली? कुणाच्या तरी काकांची, पांढऱ्या नंबरप्लेटची. डिझेल वाटून घ्यायचं आणि वर काकांना थोडे. चालवणार कोण? आमच्यातलाच एक, तेवीस वर्षांचा. गाडी चांगली चालवतो, त्याबद्दल वाद नाही. पण तो पहाटे पाचला उठलेला. दुपारी त्यानंच गाडी चालवत आणलेली. मॅचमध्ये आमच्याइतकाच तोही नव्वद मिनिटं उभा, आमच्याइतकाच ओरडलेला. बाकीचे दहा जण गाडीत बसल्या बसल्या माना टाकून झोपणार आणि हा एकटा जागा राहून धुक्यातून घाट चढणार.

मी पुढच्या सीटवर बसून त्याच्याशी पहाटेपर्यंत बोलत राहिलो. सावंतवाडीत चहा, आंबोलीत चहा, आजऱ्यात नुसतंच थांबणं. तो म्हणाला, "काका, तुम्ही झोपा की, मला सवय हाय." याच वाक्याची मला भीती वाटते. वीस वर्षं या भागातल्या बातम्या लिहितोय. 'चालकाचा डोळा लागल्याने' हे शब्द मी इतक्या वेळा टाईप केलेत की आता बोटं आपोआप चालतात. पंचनामा, शवविच्छेदन, ग्रामीण रुग्णालयाच्या दारात बसलेली आई. बातमी दोन कॉलमची होते. दुसऱ्या दिवशी रद्दी.

हे भीती घालायला लिहीत नाही. २० मार्च २०२२ ची गोष्ट आठवा. त्याच फातोर्ड्यावर आयएसएलची फायनल होती, हैदराबाद विरुद्ध केरला ब्लास्टर्स. कोरोनामुळं सगळा सीझन गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवला होता. फायनलला लोकांना सोडणार म्हटल्यावर केरळ अक्षरशः लोटला. ट्रेननं, बसनं, बाईकवर. आम्ही काही जण गेलो होतो, कारण हैदराबादच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला. हैदराबादचा रंग पिवळा, केरळचाही पिवळा. टेबलात वर असल्यानं पिवळा हैदराबादला मिळाला आणि ब्लास्टर्स काळ्या जर्सीत उतरले, पण त्यांचे लोक पिवळ्यातच आले. आम्ही हैदराबादसाठी पिवळे घालून गेलेलो, तर मल्याळी पोरं आपलेच समजून मिठ्या मारत होती. आम्हीही मारून घेतल्या. राहुल केपीनं गोल केला, साहिल तावोरानं ८८ व्या मिनिटाला फेडला, आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन अडवल्या. हैदराबाद जिंकलं. शेजारचा एक दाढीवाला मल्याळी लहान मुलासारखा रडत होता.

त्याच दिवशी, मलप्पुरमहून बाईकवरून गोव्याकडं निघालेली दोन पोरं कासरगोड जिल्ह्यातच अपघातात गेली. मॅच सुरू व्हायच्या कितीतरी आधी. आम्हाला स्टेडियममध्ये मोबाईलवर कळलं. गोल झाल्यावर ओरडताना मध्येच ते आठवायचं आणि आवाज बसायचा.

जगात इतर ठिकाणी याचं काय करतात? सगळीकडं रामराज्य नाही. अर्जेंटिनात, ज्यांचे झेंडे वर्ल्डकपला आमच्या गल्लीत लागतात, तिथं २०१३ मध्ये एका समर्थकाचा जीव गेल्यावर लीगच्या सामन्यांना बाहेरून येणाऱ्या संघाच्या प्रेक्षकांवर बंदीच घातली. पोलिसांना सोपा उपाय. गर्दी नको, म्हणून माणसंच नकोत. आपल्याकडंही असं म्हणणारे कमी नाहीत. कोल्हापुरात दोन पेठांत दगड उचलला गेला की लगेच "मॅचच बंद करा" सुरू होतं.

इंग्लंडमध्ये मात्र प्रेक्षक भांडून मिळवतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलनं तिकीट ७७ पौंडांपर्यंत न्यायचं ठरवलं, तर हजारो लोक चालू मॅचमध्ये बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. क्लबनं माघार घेतली. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या सगळ्या क्लबांनी ठरवलं की बाहेरगावाहून येणाऱ्या समर्थकाला ३० पौंडांपेक्षा जास्त तिकीट लावायचं नाही. का? कारण तो प्रवासाचा खर्च आधीच करून आलेला असतो. आणि बाहेरगावच्या मॅचची तिकिटं तिथं बहुतेक क्लब आधी कुणाला देतात, तर जो यापूर्वी जास्त वेळा गेलाय त्याला. पावसापाण्यात लांब जाऊन शून्य-शून्य बघणाऱ्याचा मान आधी. मला हे फार आवडलं. आपल्याकडं वशिल्याचा मान आधी.

जर्मनीत त्याहून साधी गोष्ट आहे. बऱ्याच क्लबांच्या मॅचच्या तिकिटावरच त्या दिवशीचा शहरातला बस-ट्रेनचा प्रवास चालतो. २०२४ च्या युरो स्पर्धेत तर तिकीटवाल्याला ३६ तासांचा प्रवास पास दिला होता. म्हणजे मॅच विकणाऱ्यानं मान्य केलं की माणूस घरातून निघतो आणि त्याला घरी परत जायचं असतं. एवढंच मान्य करायचं आहे हो.

आपल्याकडं हे अशक्य आहे म्हणू नका. आषाढीला एखाद्या गावातून चाळीस माणसं जमली की एसटी थेट गावातून पंढरपूरला गाडी देते. लग्नाला, सहलीला प्रासंगिक करारावर एसटी मिळते. गोव्यात न्यायची म्हटलं की परमिट, कर, मुक्काम हे विषय निघतील, मला माहीत आहे. पण एसटी पणजीला रोज जातेच की. वारी वेगळी आणि फुटबॉल वेगळा, असं कुणी म्हणेल. श्रद्धेची तुलना मी करत नाही. चाळीस माणसं एकाच ठिकाणी जाऊन एकाच वेळी परत येणार आहेत, आणि चालवणारा माणूस मॅच न बघता झोपलेला असेल, एवढाच माझा हिशोब आहे.

पालकांनो, एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पांढऱ्या प्लेटच्या गाडीत पैसे घेऊन माणसं बसवली आणि काही झालं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. म्हणजे पोराचंही नुकसान आणि गाडी दिलेल्या काकांचंही. पिवळ्या प्लेटची गाडी, परमिट आणि ड्रायव्हर सोबत घेतला तर माणशी चार-पाचशे रुपये जास्त जातात. पोराला "जाऊ नको" म्हणण्यापेक्षा तेवढे हातावर ठेवा. "जाऊ नको" म्हटलं की ते मित्राच्या घरी झोपायला चाललोय सांगून जातंच. आपणही गेलो होतो, फक्त आपल्या वेळी ते तमाशाला होतं.

आणि पोरांनो, तिकीट स्क्रीनशॉटवर घेऊ नका. खात्यातून खात्यात नावानिशी आलं तरच पैसे द्या. ड्रायव्हर तुमच्यातलाच असेल तर त्याचं तिकीट सगळ्यांनी मिळून काढा आणि त्याला मॅचनंतर तिथंच दोन-तीन तास झोपू द्या. घरी सकाळी आठला पोचलं तर काही बिघडत नाही.

आगारप्रमुखांना द्यायचं निवेदन मी लिहून ठेवलंय. मोठ्या मॅचला, किमान चाळीस जणांची आगाऊ नोंदणी झाली तर, गडहिंग्लजहून जाऊन येऊन करारावर गाडी मिळावी आणि परतीची वेळ मॅच संपल्यावर दीड तासानं ठेवावी, एवढीच मागणी. मंगळवारी सकाळी अकरा वाजता बसस्थानकाच्या चौकशी खिडकीपाशी जमतोय. सह्या करायला या. भिंतीला टेकून मॅच ऐकलेला पोरगा येणार आहे, त्याची सही पहिली घेणार आहे.