म्हातारपणी सोबतीला कुत्रं: पिल्लू नको, जाणतं बघा



आज कांद्याचं रोप नाही, टोमॅटोचा करपा नाही. आज विषय कुत्र्याचा. काही जण म्हणतील शेतीच्या पानावर हे कुठून आलं. पण आपल्या जुन्नर भागात वस्तीवर राहणारी म्हातारी माणसं किती वाढली ते बघा. पोरं चाकणला, पुण्याला, कंपनीत. घरी आई नाहीतर बाप एकटा. एक गाय, दोन शेळ्या, चार कोंबड्या आणि सोबतीला कुत्रं. ते कुत्रं मेलं की घर एकदम मुकं होतं. मग पोरगा शहरातून पिल्लू आणून देतो आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नदीपलीकडच्या गावात वस्तीवर एकटी राहते. हातात काठी, एका कानानं कमी ऐकू येतं, हृदयाच्या त्रासामुळं रक्त पातळ व्हायची गोळी चालू. तिचा चौदा वर्षांचा कुत्रा गेल्या उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला. आत्येभावाचा फोन आला, “दादा, आईसाठी लॅब्रॅडॉरचं पिल्लू बघितलंय. एका ओळखीच्याकडं हाय. आणू का?”

मी त्याला म्हणालो, आधी हिशोब मांडू.

दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. रात्री रडतं. सहा महिने दात शिवशिवतात, चप्पल, गोधडी, काठीचं टोक, काही सोडत नाही. पायात पायात करतं. तरण्या माणसाच्या पायात आलं तर आपण शिवी देऊन बाजूला होतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं तर पुढं काय होतं ते आपण सगळ्यांनी आपापल्या घरात नाहीतर शेजारी बघितलंय. लॅब्रॅडॉर वर्षभरात पंचवीस-तीस किलोचा होतो आणि अंगानं मोठा झाला तरी डोकं दोन वर्षं पिल्लाचंच राहतं. वर तो बारा वर्षं जगणार. म्हणजे आत्या नव्वदीला पोहोचेल तेव्हा तो म्हातारा झालेला असेल. दोघांचं कोण करणार?

आपण बैल घेताना काय बघतो? ज्याला रोज काम पाहिजे तो गोऱ्हा घेत नाही, जुळलेला, कामाला लागलेला बैल घेतो. त्याचा स्वभाव बाहेर आलेला असतो, मारका आहे का गरीब ते दिसतं. कुत्र्याचंही तसंच. पिल्लू मोठं होऊन कसं निघेल ते कुणी सांगू शकत नाही. चार-सहा वर्षांचं कुत्रं जे आहे ते समोर दिसतं. आणि असं कुत्रं विकत घ्यावं लागत नाही. रस्त्यावर अपघात झालेली, मालकानं सोडून दिलेली कुत्री सांभाळणारी माणसं आता बऱ्याच तालुक्यांच्या गावी आहेत. आमच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांनी अशाच एका माणसाचा पत्ता दिला.

बघायला जाताना आम्ही तिघं गेलो. आत्या, आत्येभाऊ आणि मी. आत्येभाऊ म्हणत होता, आईला कशाला एवढ्या लांब दगदग. मी म्हणालो, सोबत तिला करायची आहे, पसंती तिचीच पाहिजे. आणि कुत्र्यानं तिला बघायला नको का, तिच्या काठीसकट?

तिथं तीन कुत्री आमच्यापुढं आणली.

पहिला काळा नर, दीड वर्षाचा, छाती भरलेली. आत्येभावाला बघताक्षणी आवडला. “राखणीला भारी हाय,” म्हणाला. कुत्रा खरंच चांगला होता, पण आनंद झाला की दोन्ही पाय माणसाच्या छातीवर टाकायचा. माझ्या अंगावर आला तेव्हा मीच अर्धा पाऊल मागं सरलो. तो तरण्या पोरांच्या घरातला कुत्रा, म्हातारीच्या नाही.

दुसरी तांबडी कुत्री, शांत, डोळे गरीब. पण आत्यानं काठी टेकवत एक पाऊल पुढं टाकलं तशी ती पोट जमिनीला लावून कोपऱ्यात घुसली आणि मुतली. काठीचा मार खाल्लेलं जनावर. तिचा काही दोष नाही. पण ज्या घरात काठीशिवाय माणूस उभं राहत नाही, तिथं ती रोज भीतीत जगेल. आणि भेदरलेलं कुत्रं कोपऱ्यात सापडलं की चावतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसासाठी कुत्रं बघताना काठी, वॉकर, जे काही रोज वापरात आहे ते बरोबर न्याच.

तिसरी पांढरी, पाठीवर बदामी डाग, मागच्या डाव्या पायानं थोडी लंगडत होती. महामार्गावर गाडीनं उडवलेली, हाड जुळलं पण चाल तशीच राहिली. वजन सोळा किलो. ती आली, आधी काठीचं टोक हुंगलं, मग आत्याचा हात हुंगला, आणि दोन हातांवर बसली. मी मुद्दाम मागं पत्र्याचा डबा पाडला. दचकली, वळून बघितलं, परत बसली. खायला टाकून मधेच भांडं काठीनं बाजूला ओढलं, गुरगुरली नाही. बाहेर अनोळखी माणूस आला तेव्हा दोनदा भुंकली आणि गप्प झाली. आत्याला एवढंच पाहिजे. दारात कोणी आलं हे तिच्या कानाला कळत नाही, ते कुत्र्यानं कळवावं.

आत्येभाऊ हळूच म्हणाला, “दादा, लंगडी कुत्री आईला?”

आत्याचा एक कान चांगला आहे हे तो विसरला. ती म्हणाली, “मी तरी कुठं पळत्येय?”

आता वयाचं. बैलाचं वय आपण दात मोजून सांगतो, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. कुत्र्यात ते चालत नाही. त्याचे सगळे ४२ पक्के दात साधारण सात महिन्यांपर्यंत येऊन जातात. त्यामुळं संख्या नाही, झीज बघायची. तरण्या कुत्र्याच्या पुढच्या दातांना बारीक तीन टोकं असतात, ती वयानुसार घासून सपाट होतात. दाढांवर पिवळं किटण चढतं. तोंडावर पांढरे केस येतात, डोळ्यांच्या बाहुल्या निळसर दिसायला लागतात. डॉक्टरांनी हे सगळं बघून पाच ते सहा वर्षं सांगितली. नेमका आकडा कुणी सांगत नाही, सांगितला तर विश्वास ठेवू नका.

तिच्या डाव्या कानाचं टोक इंग्रजी व्हीसारखं कापलेलं होतं. ती नसबंदी झाल्याची खूण. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे नवे नियम आहेत, त्यात नसबंदी आणि रेबीजची लस दोन्ही आलं. मादी घ्यायची तर नसबंदी झालेलीच घ्या किंवा करून घ्या. नाहीतर वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दारात गावभरचे नर जमतात, भांडणं होतात, आणि त्यात म्हातारं माणूस काठी घेऊन मधे गेलं की चावा त्यालाच बसतो. शिवाय नसबंदी न झालेल्या मादीच्या पिशवीत पुढं पू होण्याचा धोका असतो, त्यात कुत्रं दगावतं.

आणखी एक पारख बाकी होती. ती आत्यानंच काढली. गाडीत बसायच्या आधी म्हणाली, “मी गेल्यावर हिचं काय? परत रस्त्यावर सोडताल?”

कोणी काही बोलेना. असल्या प्रश्नाला आपल्याकडं “असं नको बोलू” म्हणून तोंड बंद करतात. पण प्रश्न खरा आहे. म्हातारं माणूस गेलं की दहाव्याला पाहुणे जमतात, भांडी वाटली जातात, शेळ्या विकल्या जातात, आणि कुत्रं बंद दारापुढं बसून राहतं. मी अशी दोन-तीन घरं बघितली आहेत. आत्येभावाचा पुण्यात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोघं नवरा-बायको कामाला. त्यानं खाली मान घातली. मी म्हणालो, माझ्याकडं येईल.

पण नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही. माझ्या वस्तीवर माझा कुत्रा आहे, शेळ्या आहेत. चार दिवसांनी आम्ही माझ्या कुत्र्याला तिथं घेऊन गेलो. त्याच्या घरात नाही, तिच्या घरात नाही, मधल्या मोकळ्या मैदानात दोघांना साखळीवर ठेवून लांबून समांतर चालवलं. हळूहळू अंतर कमी केलं. माझा एकदा गुरगुरला, तिनं तोंड फिरवलं. अर्ध्या तासानं दोघं एकच झुडूप हुंगत होती. मग घरी आणायचं ठरलं, तेही पंधरा दिवसांच्या बोलीवर. जमलं नाही तर परत घ्यायचं, असं त्या माणसानं स्वतःच सांगितलं. जो परत घ्यायला तयार नाही त्याच्याकडून कुत्रं घेऊ नका.

आल्यावर पहिले तीन दिवस ती खाटेखालून बाहेर आली नाही, नीट खाल्लंही नाही. जाणकार सांगतात की पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची रीत शिकण्याचे आणि तीन महिन्यांनी कुत्रं घराचं होतं. ठोकळ हिशोब आहे, पण आमच्याकडं बराचसा जुळला. पहिल्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका, नातवंडांना अंगावर पडू देऊ नका.

घरात केलेले बदल लिहून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडतील.

गळपट्ट्याला एक घुंगरू बांधलं. आत्याच्या चांगल्या कानाला कळतं की ती कुठं आहे, पायात येत नाही. खाण्याचं भांडं ओट्याच्या पायरीवर ठेवलं, वाकावं लागत नाही. साखळी कधीही मनगटाला गुंडाळायची नाही हे आत्याला दोनदा सांगितलं. नखं वेळेवर कापायची, कारण रक्त पातळ व्हायच्या गोळीवर साधा ओरखडा पण बराच वेळ वाहतो.

खाण्याचं महत्त्वाचं. आपण कांदा पिकवणारी माणसं, पण कांदा आणि लसूण कुत्र्याला विष. कच्चा असो का शिजलेला, रोज थोडा थोडा पोटात गेला तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उरलेला रस्सा भाकरीवर ओतून द्यायची आपली सवय आहे, ती सोडा. नारायणगावकडच्या बागायतदारांसाठी, द्राक्षं आणि मनुके पण नकोत, मूत्रपिंड जातं. कोंबडीची शिजलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. भाकरी, भात, त्यात अंडं किंवा बिनमसाल्याचं मटणाचं पाणी, एवढं बास.

गोचिडासाठी फवारणीचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला धुणारे लोक मला माहीत आहेत. असं करू नका. कुत्रं अंग चाटतं, औषध पोटात जातं. डॉक्टरांकडं मानेवर टाकायचे थेंब मिळतात ते वापरा. उंदराच्या विषाच्या गोळ्या कुत्र्याच्या तोंडाला लागतील अशा ठेवू नका.

रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध तीन महिन्यांनी. ओल्या रानात उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, त्याची लस एकत्र डोसात येते, डॉक्टरांना विचारा. आणि कुत्रं घरचं असो का दारचं, चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. चुना, तिखट, हळद काही भरू नका. डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही.

राहिला बिबट्या. आपल्या उसाच्या पट्ट्यात हे सांगायला नको, तरी सांगतो. रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला दाखवलेलं सावज. तो दारापर्यंत येतो आणि भुंकणं ऐकून म्हातारं माणूस बॅटरी घेऊन बाहेर येतं. म्हणून दिवस मावळला की कुत्रं घरात आणि कडी आतून. आत्याची पडवी आम्ही जाळी आणि दार लावून बंद केली. राखण आतून भुंकूनही होते.

आता आठ महिने झाले. तिचं नाव मैना ठेवलंय. दुपारी दूधवाला आला की ती आत्याच्या खाटेजवळ जाऊन उभी राहते, मग दाराकडं जाते. महिन्यातून एकदा ती माझ्या वस्तीवर येते, एक रात्र राहते, म्हणजे तिला हे घर परकं राहू नये. आत्याच्या लाल डायरीत शेवटच्या पानावर तिच्या लसीच्या तारखा, डॉक्टरांचा नंबर आणि त्याखाली माझं नाव लिहिलंय. आत्येभावानं सही केली आहे. लसीचा, औषधाचा खर्च तो दर महिन्याला पाठवतो.

तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी एकटं म्हातारं माणूस कुत्रं पाहिजे म्हणत असेल, तर हे पान त्यांच्या पोराला पाठवा. कुत्रं आणायच्या आधी डायरीतलं ते शेवटचं पान भरून घ्या. तिथं लिहायला नाव सापडत नसेल तर थोडं थांबा, नाव शोधा, मग कुत्रं शोधा.

कुणाला गोचीड-ताप, खाणं याबद्दल काही अनुभव असतील तर खाली लिहा. जनावरांचे डॉक्टर हे पान वाचतात, ते काही चुकलं असेल तर सांगतील. कांद्याच्या रोपावरच्या मर रोगाचं उद्या सकाळी फोटोसह टाकतो.