चुकलेला हिशेब

दोन फूट बाय एक बाय एक. म्हणजे साधारण 56 लिटर पाणी. इंजिनिअरिंगला असल्यामुळे एवढा हिशेब मला लगेच आला. पुढचा मात्र चुकला.

फिशटँक नालासोपाऱ्याच्या घरी, धाकट्या बहिणीचा. तिने त्यात व्हॅलिस्नेरिया लावली होती, सहा गप्पी सोडले होते. गप्पी म्हणजे तेच, डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरीत सोडतात ते! सुट्टीत घरी जाताना शायनिंग मारायला मी चार टायगर बार्ब नेले. काळे पट्टे, काय तो रुबाब! दुसऱ्या दिवशी गप्पींच्या शेपट्या कुरतडलेल्या. तिसऱ्या दिवशी दोन मेले. बहीण ओरडली नाही. "दादा, विचारायचं तरी होतंस," एवढंच म्हणाली. तेच जास्त लागलं.

मग वाचायला बसलो. बार्ब दुष्ट नसतो. तो कळपातला मासा. थोडेच ठेवले की आपसातली मस्ती लांब शेपटीवाल्यांवर काढतो. निऑन टेट्रा स्वभावाने गरीब, पण त्याला मृदू पाणी लागतं आणि आमच्या बोअरिंगचं पाणी जड. गप्पी आणि प्लॅटी दोघांनाही ते मानवतं, स्वभावही जुळतो, पिल्लं पात्यांत लपतात. बार्ब दुकानदाराला परत दिले, प्लॅटी आणले.

विरार लोकलमधून धक्के खात का होईना, उतरता तरी येतं. माशाला टँकमधून उतरता येत नाही.

यंदा होस्टेलवर नवा रूम पार्टनर आला, तेव्हा मी आधी विचारलं, "रात्री लाईट चालेल ना रे?"